मामा तलावातील शेवाळ

कोहळी समाजातील जाणत्या पुरुषांनी टेकड्यांमधील खिंडी मातीच्या पाळींनी अडवून ज्या भूप्रदेशात तलावांची परंपरा उभी केली, आणि मालगुजारी संपुष्टात येऊन ते तलाव 1951 साली सरकारजमा झाल्यावर ज्यांना ‘माजी मालगुजारी’, म्हणजेच लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’, हे नाव पडले, त्या गोंदिया जिल्ह्यात शेवाळ पाहावयास कोणाला दूर जावे लागत नाही. रोवणी आटोपून बांधीत पाणी स्थिरावले की धानाच्या बुडाभोवती हिरवा, बुळबुळीत थर साचू लागतो.

या थराची गणना कोठे करावी, हा मात्र जुना वाद आहे. लिनियसाने 1735 साली फुलांतील केसर मोजून वनस्पतींचे 24 वर्ग पाडले, आणि ज्यांच्या ठायी फुलेच नाहीत अशी नेचे, शैवाले व कवके, कारकुनाने न जुळणाऱ्या रकमा किरकोळ खाती टाकाव्यात तशी, अखेरच्या वर्गात लोटली. पुढे 1836 मध्ये हार्वे याने शैवालांची विभागणी रंगावरून केली. ही युक्ती वरवरची वाटते खरी, पण रंग हा पेशीतील रंगद्रव्यांचा, आणि म्हणून कुळाचाही, पुरावा असल्यामुळे ती पुष्कळ अंशी टिकली.

शैवालास मूळ, खोड, पान असा भेद नसतो, अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नलिकाही नसतात; सभोवतालचे पाणी व त्यात विरघळलेले क्षार ते सर्वांगाने शोषून घेते आणि सूर्यप्रकाशात आपले अन्न आपणच सिद्ध करते. बांधीतील स्पायरोगायराचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरावा, तर प्रत्येक पेशीत हरितद्रव्याची नागमोडी फीत गुंडाळलेली दिसते. प्रजोत्पादनाच्या वेळी दोन तंतू शेजारी येतात, त्यांच्या पेशी नळीने जोडल्या जातात, एकीतील जीवद्रव्य दुसरीत उतरते, आणि त्यातून निपजणारा जाड कवचाचा युग्मबीजाणू तलावाचे पात्र उन्हाळ्यात तडकले तरी तग धरतो. या तंतूची हरितद्रव्ये व पिष्टाचा साठा धानासारखाच असतो. किंबहुना स्थलवासी वनस्पतींचे अत्यंत निकटचे आप्त स्पायरोगायराच्याच गटात आहेत, असे आधुनिक संशोधन सांगते.

त्याच ओंजळीत येणारे अॅनाबिना मात्र परक्या घरचे. त्याच्यासारख्या नील-हरित शैवालांच्या पेशीत केंद्रकच नसल्याने त्यांची बदली आता जीवाणूंत झाली आहे. परंतु धानकऱ्याचा खरा उपकारकर्ता हाच परका होय. मण्यांच्या माळेसारख्या त्याच्या तंतूत मधूनमधून जाड भित्तिकेच्या पेशी असतात, आणि प्राणवायूस मज्जाव असलेल्या त्या कोठड्यांत हवेतील नायट्रोजन बांधला जातो. भातखाचरांची सुपीकता टिकण्यात या जीवांचा वाटा पी. के. डे यांनी 1939 साली दाखवून दिला होता.

तथापि, खत व सांडपाणी वाहून येऊन तलावात शैवाले अतोनात माजली, तर रात्री त्यांचे श्वसन व मेलेल्या थरांचे कुजणे यांत पाण्यातील प्राणवायू सरतो, आणि पहाटे जाळे टाकावयास आलेल्या ढिवरांना मासे मरून तरंगताना आढळू शकतात.