ओपोसम, स्नायूंतील पुट्या आणि घोड्यांचा आजार

धडधाकट घोडा एकाएकी अडखळू लागतो, मागचे पाय लटपटतात, एका बाजूचे स्नायू झिजू लागतात. अमेरिकेतील घोडेपालकांना धास्ती असलेल्या या आजारात मेंदू व मज्जारज्जूला सूज येते. ‘सार्कोसिस्टिस न्यूरोना’ हा एकपेशीय परजीवी त्याचे प्रमुख कारण होय. भारतीय वंशाचे परजीवीशास्त्रज्ञ डॉ. जे. पी. दुबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये त्याला हे नाव दिले.

या परजीवीचे जीवनचक्र दोन प्राण्यांत विभागलेले आहे. रॅकून, स्कंक, आर्माडिलो किंवा मांजर यांच्या स्नायूंत त्याच्या सूक्ष्म पुट्या असतात. असा मेलेला प्राणी ओपोसमने खाल्ला, की त्याच्या आतड्यात परजीवीची पुढील पिढी तयार होते आणि विष्ठेवाटे बाहेर पडते. पोटावरील पिशवीत पिले वाढवणाऱ्या या प्राण्याला स्वतःला सहसा कोणताही त्रास होत नाही. विष्ठेने दूषित झालेले अन्न रॅकूनसारख्या प्राण्याने खाल्ले, की चक्र पूर्ण होते.

घोडा मात्र या चक्रात अपघातानेच सापडतो. दूषित चारा वा पाण्यातून त्याला लागण होते. एका घोड्याकडून दुसऱ्याला ती होत नाही.

ओपोसमच्या स्वतःच्या स्नायूंतही कधी कधी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या पुट्या आढळतात. त्या ‘बेस्नॉइटिया डार्लिंगी’ या वेगळ्याच परजीवीच्या असू शकतात. घोड्यांच्या या आजाराशी त्यांचा संबंध नाही.

विष्ठेतील परजीवी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रापर्यंतही पोहोचतो. एप्रिल २००४ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉरो बे परिसरात सुमारे ४० सागरी पाणमांजरे आजारी वा मृतावस्थेत आढळली. त्यामागे हाच परजीवी असल्याचे तपासणीत दिसून आले. दूषित शिंपले खाल्ल्याने लागण झाली असावी, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. मुळात ओपोसम कॅलिफोर्नियातील नव्हेच. माणसानेच तो तेथे आणला.

घोड्यांसाठी २००१ पासून अमेरिकेत ‘पोनाझुरिल’ हे मान्यताप्राप्त औषध उपलब्ध आहे. तथापि, मज्जारज्जूची झालेली हानी दर वेळी भरून निघतेच असे नाही. त्यामुळे प्रतिबंधावर भर दिला जातो. चारा व धान्य झाकून ठेवणे, मांजरांचे खाणे रात्री बाहेर न ठेवणे आणि तबेल्याजवळील मृत प्राण्यांची त्वरित विल्हेवाट लावणे, हे उपाय साधे आहेत. मृत प्राण्याच्या स्नायूंतील पुट्या ओपोसमच्या पोटात गेल्याच नाहीत, तर साखळी तेथेच तुटते.