वासराच्या आतड्याचे अस्तर व त्याचे रक्षण

जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात हगवणीने वासरू दगावण्याचा धोका मोठा असतो. रोग जंतूंमुळे होतो हे खरे. परंतु एकाच गोठ्यातील काही वासरे तगतात व काही दगावतात. याचे बरेचसे कारण आतड्याच्या अस्तरात असते.

हे अस्तर पेशींच्या अवघ्या एका थराचे असते. एका बाजूस असंख्य जंतू, दुसऱ्या बाजूस रक्त, मध्ये एवढाच आडपडदा. त्यावर बुळबुळीत लेप असतो व अस्तराच्या पेशी त्यात अतिशय लहान प्रथिने सोडीत असतात. त्यांस जंतुरोधक पेप्टाइडे म्हणतात. गाईच्या श्वासनलिकेत असे एक पेप्टाइड १९९१ साली आढळले. त्याच कुळातील पेप्टाइडे पुढे तिच्या आतड्यातही सापडली.

पेप्टाइडांवर धन विद्युतभार असतो, तर जंतूच्या आवरणावर ऋण. त्यामुळे ती जंतूस चिकटतात, आवरणास भोके पाडतात आणि आतील द्रव्य गळून जंतू मरतो. वासराच्या स्वतःच्या पेशींच्या बाह्य पृष्ठावर असा ऋणभार फारसा नसल्याने त्या बचावतात. काही पेप्टाइडे दुरुस्तीसही हातभार लावतात. अस्तरास जखम झाली की ती कडेच्या पेशींना पुढे सरकून जखम झाकण्याची चालना देतात.

नवजात वासराची ही व्यवस्था अपुरी असते. ती उणीव चीक भरून काढतो. चिकात रोगप्रतिकारक द्रव्ये असतातच, शिवाय लॅक्टोफेरिन हे प्रथिन दुधापेक्षा कितीतरी अधिक असते व पेप्सिनने त्याचे तुकडे झाले म्हणजे त्यातून जंतुरोधक पेप्टाइड सुटते. रोगप्रतिकारक द्रव्ये रक्तात शोषून घेण्याची आतड्याची शक्ती मात्र तासागणिक घटते व सुमारे २४ तासांत संपते. म्हणून वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची समजूत वासराच्या जिवावर बेतते. पहिला चीक दोन तासांच्या आत द्यावा. २५ किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशी एकूण अडीच लिटर लागतो. खरवसाचा विचार त्यानंतर करावा.

हगवण लागताच प्रतिजैविक देण्याची घाई करू नये. कॉलिस्टिन हे औषध मुळात मातीतील जंतूने बनविलेले पेप्टाइडच होय. त्याच्या सर्रास वापराने आवरणाचा विद्युतभार बदलून निसटणारे जंतू वाढले, आणि २०१९ साली भारत सरकारने अन्नोत्पादक जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. हगवणीत दूध चालू ठेवून मधल्या वेळी क्षार व ग्लुकोजचे पाणी पाजावे. घरची साखर कोवळ्या वासरास पचत नाही. शेणात रक्त दिसल्यास, ताप असल्यास किंवा वासरू उठेनासे झाल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्याने त्याच दिवशी पशुवैद्यकास कळवावे.