पडण्याची विद्या

कुस्तीच्या आखाड्यांत ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, असा दंडक आहे. पडणें म्हणजे पराभव, ही समजूत आखाड्याबाहेरहि तितकीच रूढ आहे. परंतु दोन माणसें एकमेकांच्या अंगावर भार टाकतात, घसरतात, पडतात, लोळून पुन्हा उठतात, आणि तरीहि दोघांपैकीं कोणीच हरत नाहीं, अशी एक शरीरविद्या अमेरिकेंत १९७२ सालीं उदयास आली. ‘कॉन्टॅक्ट इम्प्रोव्हिझेशन’ हें तिचें नांव. स्पर्शाच्या आधारें उत्स्फूर्तपणें केलेलें दोघांचें नृत्य, असा त्याचा अर्थ सांगतां येईल.

या विद्येचे प्रवर्तक स्टीव्ह पॅक्स्टन (१९३९–२०२४) हे तरुणपणीं कसरतपटु होते. पुढें १९६१ ते १९६४ पर्यंत ते मर्स कनिंगहॅम यांच्या प्रसिद्ध नृत्यसंघांत नाचले. नृत्याच्या जोडीस त्यांनीं ऐकिडो या जपानी युद्धकलेचाहि अभ्यास केला. मोरिहेइ उएशिबा (१८८३–१९६९) यांनीं घडविलेल्या या कलेचें मुख्य सूत्र असें कीं, अंगावर येणाऱ्या जोराला जोरानें अडवूं नये. त्याच्या दिशेनें वळून तो जोर आपल्या गतींत सामावून घ्यावा. ज्याला फेंकलें जातें त्यालाहि तेथें शिक्षण असतें. नवशिका मनुष्य पडतांना हात पुढें टेकतो आणि सारा आघात मनगटावर घेतो. शिकलेला मनुष्य अंग गोल करून हात, खांदा, पाठ अशा क्रमानें जमिनीवर लोळतो. त्यामुळें आघात एका ठिकाणीं न सांठतां सर्व अंगावर वांटला जातो.

पॅक्स्टन यांनीं युद्धकलेंतील हें ज्ञान घेतलें आणि त्यांतील शत्रु मात्र वगळला. जानेवारी १९७२ मध्यें ओहायो राज्यांतील ओबर्लिन कॉलेजांत त्यांनीं पुरुष विद्यार्थ्यांना घेऊन ‘मॅग्नेशियम’ नांवाचा प्रयोग केला. व्यायामशाळेंतील गादीवर हे तरुण एकमेकांवर आदळत, निसटत व कोसळत होते. आणि शेवटीं कांहीं मिनिटें सर्वजण केवळ स्तब्ध उभे राहिले. त्याच वर्षीं जूनमध्यें न्यूयॉर्क येथील जॉन वेबर गॅलरींत स्त्रीपुरुषांनीं मिळून हे प्रयोग केले. ओबर्लिनचा प्रयोग पाहून प्रभावित झालेली नॅन्सी स्टार्क स्मिथ (१९५२–२०२०) ही विद्यार्थिनी त्यांत होती. पुढें या विद्येच्या प्रसाराचा मोठा भार तिनेंच उचलला.

या नृत्याचें मर्म फुगडीवरून चांगलें ध्यानांत येतें. फुगडी घालणाऱ्या दोन मुली मागें झुकतात. एकटी कोणीहि तशी झुकली तर पडेल. परंतु दोघींचे हात गुंफलेले असल्यामुळें एकीचा भार दुसरीस तोलून धरतो. येथें तोच व्यवहार हातांऐवजीं पाठ, खांदे, कंबर आणि मांड्या यांच्यामधून चालतो. दोघांच्या अंगांचा जेथें स्पर्श होतो तो बिंदु सारखा सरकत राहतो, आणि त्याच्या मागोमाग दोघेंहि जातात. पुढारी कोण व अनुयायी कोण, हें ठरलेलें नसतें. पुढचें पाऊल कोणतें, हेंहि आधीं कोणास ठाऊक नसतें. बारीक अंगाची व्यक्ति धिप्पाड माणसास कमरेवर सहज पेलते, तें बाहुबळावर नव्हे. त्याचा भार आपल्या हाडांवरून सरळ जमिनींत उतरेल अशा जागीं ती स्वतः उभी राहते म्हणून.

एवढ्या चपळ विद्येचा पाया मात्र स्तब्धतेंत आहे. पॅक्स्टन आपल्या शिष्यांस डोळे मिटून नुसतें उभें राहावयास लावीत. कांहीं वेळानें ध्यानांत येतें कीं, उभें राहणें ही खरी स्थिरता नव्हेच. शरीर क्षणोक्षणीं किंचित् पडत असतें, आणि घोटे, गुडघे व कणा यांभोंवतालचे स्नायु त्यास न सांगतां सावरीत असतात. या सूक्ष्म हालचालीस पॅक्स्टन ‘छोटें नृत्य’ म्हणत. तिच्यावर कांहीं न लादतां तिच्याकडे केवळ लक्ष देणें, ही एक प्रकारची ध्यानसाधनाच होय. ज्याला स्वतःचें पडणें इतक्या आरंभीं जाणवतें, त्यालाच दुसऱ्याचें पडणें वेळेवर कळतें.

हें अवधान नसेल तर ही विद्या धोक्याची आहे. पहिल्या कांहीं वर्षांतच अपुऱ्या तयारीनें हे प्रयोग करणाऱ्यांना दुखापती झाल्याच्या वार्ता येऊं लागल्या. म्हणून १९७५ सालीं नांवाची कायदेशीर नोंदणी करून शिकविण्यास परवाना ठेवावा, असा विचार पॅक्स्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला. अखेर तो त्यांनीं सोडून दिला. नियमांचा पहारा बसवण्याऐवजीं त्यांनीं एक वार्तापत्र काढलें, आणि कोणी काय करून पाहिलें, कोठें चुकलें, तें परस्परांस कळविण्याची सोय केली. तेंच पुढें ‘कॉन्टॅक्ट क्वार्टर्ली’ हें नियतकालिक झालें.

या निर्णयामुळें विद्या मोकळी राहिली व देशोदेशीं पसरली. १९८६ सालीं इंग्लंडमध्यें पॅक्स्टन व अ‍ॅन किलकॉयन यांनीं दृष्टिहीनांसाठीं ‘टचडाउन डान्स’ हा उपक्रम सुरू केला. कारण भार ओळखण्यास डोळे लागत नाहींत. परंतु मोकळीक आली तशी जबाबदारीहि प्रत्येकाच्या अंगावर आली. परक्या माणसांनीं इतक्या निकट यावयाचें तर स्पर्शाचा दुरुपयोग होण्याचें भय असतेंच. म्हणून आज अनेक मेळाव्यांत आरंभींच सांगितलें जातें कीं, कोणीहि कोणत्याहि क्षणीं, कारण न देतां, नृत्य थांबवून बाजूस व्हावें. त्यांत कोणाचा अपमान नाहीं. हा नियम बाहेरून चिकटविलेला नाहीं. जोडीदाराच्या पाठीचा किंचित् आखडता भाव ज्यास जाणवत नाहीं, त्याला त्या जोडीदाराचा तोल तरी कसा जाणवेल? दुसऱ्याचा नकार ओळखण्यास जें अवधान लागतें, तेंच त्याला पडतांना सावरण्यासहि लागतें.