शिबिराचा भात उरला तर?

नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत चर्चच्या शिबिराच्या स्वयंपाकाचं काम गटाला मिळालं, की 100 जणांना 10 किलो तांदूळ, हा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. पण दुपारी उरलेला भात रात्री फोडणीला टाकावा का?

तांदळातले काही जंतू शिजवल्यावरही बीजरूपात टिकतात. मोठ्या पातेल्यात भात तासन्‌तास कोमट राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते पुन्हा गरम करूनही जात नाही. मग मुलांना उलट्या होतात.

म्हणून आम्ही अंबरनाथ-बदलापूरकडच्या गटांना सांगतो : रात्रीचा भात रात्रीच शिजवा. उरलेला लगेच परातीत पातळ पसरा, तासाभरात फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीज नसेल, तर 2 तासांनंतर वाढू नका. शिबिरात मुलांसोबत आई नसते. तिच्या जागी आपण असतो.