देवाची फिर्याद

१९११ सालच्या ऑगस्टच्या २१ तारखेस पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयांतून ‘मोना लिसा’ हें लिओनार्दो-द-विंचीचें चित्र चोरीस गेलें, तेव्हां साऱ्या युरोपांत हलकल्लोळ उडाला. भिंतीवरची रिकामी जागा पाहण्यासाठीं लोकांनीं गर्दी केली! पुढें तें चित्र फ्लॉरेन्स शहरीं सांपडलें आणि १९१४ च्या जानेवारींत पुनः आपल्या जागीं जाऊन लागलें. तें कोणाचें, हा प्रश्न निघालाच नाहीं. जगानें तें पाहिलेलें होतें, त्याचीं छायाचित्रें होतीं, संग्रहालयाच्या दफ्तरीं त्याची नोंद होती.

परंतु जी कलाकृति हयात माणसांपैकीं कोणींच पाहिलेली नाहीं, जिची कोठल्याहि वहींत नोंद नाहीं, ती नाहींशी झाली तर फिर्याद कोणीं करावयाची? लंडनच्या न्यायमंदिरांत असा एक खटला उभा राहिला, आणि त्यांत फिर्यादींपैकीं एक साक्षात् शिवलिंग होतें. ती हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

व्यंकोजीराजांनीं व त्यांच्या वंशजांनीं ज्या तंजावरावर सव्वाशें वर्षें राज्य केलें, त्या कावेरीकांठच्या मुलखांत पत्तूर नांवाचें एक लहानसें खेडें आहे. तेथें शेंकडों वर्षांपूर्वीं बांधलेलें विश्वनाथस्वामीचें देऊळ होतें. कालांतरानें तें पडलें, पूजाअर्चा बंद झाली, भोंवतालीं झाडोरा माजला. दक्षिणेंतील शिवालयांत गाभाऱ्यांतलें पाषाणलिंग अचल असतें. मिरवणुकीसाठीं धातूच्या उत्सवमूर्ति निराळ्या असतात. परचक्राची चाहूल लागली कीं ह्या मूर्ति जमिनींत पुरून ठेवावयाच्या, असा तिकडे प्रघात होता. आपल्याकडेहि पंढरीच्या विठोबाला संकटकाळीं गांव सोडून लपावें लागल्याच्या आठवणी सांगतात, त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, पत्तूरास ज्यांनीं देव पुरले ते गेले, त्यांचीं मुलेंबाळें गेलीं, आणि जागेची आठवणहि त्यांच्याबरोबर गेली.

१९७६ सालीं त्या पडक्या देवळाजवळ राहणारा एक गरीब मजूर आपल्या झोंपडीपाशीं खणीत असतां त्याची कुदळ धातूला लागली. माती उकरली तों एकामागून एक मूर्ति वर आल्या. त्यांत एक नटराज होता. एक पाय अपस्मारावर रोंवलेला, दुसरा उचललेला, हातांत डमरू व अग्नि, आणि भोंवतीं ज्वाळांचें प्रभामंडळ असें हें शिवाचें रूप बहुतेकांनीं चित्रांत तरी पाहिलें असेल. ह्या मूर्तींचें एक वैशिष्ट्य मात्र पुष्कळांना ठाऊक नसतें. कारागीर प्रथम मेणाची मूर्ति घडवितो, तिच्यावर मातीचें लिंपण देऊन ती तापवितो, मेण वितळून गेलें कीं पोकळींत धातूचा रस ओततो आणि शेवटीं तो सांचा फोडून टाकतो. म्हणून अशी प्रत्येक मूर्ति एकुलती एक असते; हरवली तर त्याच सांच्यांतून दुसरी काढतां येत नाहीं.

मजुरानें ही गोष्ट एका स्नेह्याच्या कानांवर घातली, त्याच्याकडून ती मूर्तींचा व्यापार करणाऱ्या इसमाला कळली, आणि नटराज हातोहात परदेशीं गेला. इतर मूर्ति पुढें सरकारच्या ताब्यांत आल्या, ही त्यांतल्या त्यांत भाग्याची गोष्ट. तिचें महत्त्व पुढें कळून येईल. १९८२ च्या जूनमध्यें लंडनच्या एका व्यापाऱ्यानें एक नटराज खोट्या पूर्वेतिहासासह कॅनडांतील बंपर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ह्या कंपनीला अडीच लक्ष पौंडांस विकला. कंपनीनें तो साफसूफ करण्यासाठीं व पारखून घेण्यासाठीं ब्रिटिश म्यूझियमकडे दिला असतां लंडनच्या पोलिसांनीं तेथूनच जप्त केला. कंपनीनें पोलिसांवर दावा लावला. तिनें मूर्ति प्रामाणिकपणें विकत घेतली होती, हें न्यायालयानेंहि मानलें. पण चोराला जो हक्क नाहीं तो गिऱ्हाइकाला कोठून मिळणार?

प्रश्न दोन होते. लंडनांतला नटराज हाच पत्तूरचा कशावरून? येथें त्या मागें राहिलेल्या मूर्ति उपयोगीं पडल्या. शैलीची तुलना झालीच, पण धातूचें मिश्रण, अंगाला चिकटलेली माती, इतकेंच नव्हे तर त्या मातींतल्या वाळवीच्या वाटाहि तज्ज्ञांनीं ताडून पाहिल्या. एवढ्या थोर न्यायालयांत वाळवीची साक्ष निघावी, ह्याची मौज वाटते. एकाच खड्ड्यांत शेंकडों वर्षें शेजारीं निजलेलीं हीं भावंडें आहेत, हें अखेर शाबीत झालें.

दुसरा प्रश्न अधिक बिकट. मूर्ति त्याच गांवची असली तरी तिचा धनी कोण? भारत सरकार पुढें आलें, तामिळनाडू राज्य आलें, देवळाचा कारभारी आला, खुद्द देऊळ आलें आणि त्या देवळाचें शिवलिंगहि आलें. दगडाचा एक खांब वादी होऊं शकतो काय, असा आक्षेप इंग्रजी कायद्यांत वाढलेल्या मनाला सुचणें स्वाभाविक होतें. आपल्या कायद्याला मात्र ही कल्पना नवी नाहीं. १९२५ सालीं कलकत्त्याच्या मल्लिक कुटुंबाचा तंटा प्रिव्ही कौन्सिलपुढें गेला होता. घरच्या ठाकुराची पूजा भाऊबंदांत पाळीपाळीनें होत असे, आणि आपल्या पाळींत मूर्ति आपल्या घरीं नेतां येईल कीं नाहीं, यावर वाद जुंपला होता. ज्यांच्या घरीं गणपति वा कुळधर्म पाळीनें फिरतो त्यांना ह्या तंट्याचें स्वरूप फोडून सांगावयास नको! तेव्हां न्यायाधीशांनीं सांगितलें कीं, देव ही हलवावयाची वस्तु नव्हे, ती कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति आहे. तिच्या इच्छेचाहि विचार झाला पाहिजे, आणि ती इच्छा मांडण्यासाठीं निःपक्षपाती पालक नेमावा.

कंपनीतर्फे असेंहि म्हणणें मांडण्यांत आलें कीं, ज्या देवळांत शतकानुशतकें दिवा लागला नाहीं तें देऊळ नाहींच. न्यायमूर्ति केनेडी ह्यांनीं १९८८ सालीं तें मानलें नाहीं. बाराव्या शतकांत ज्या कोणा धनिकानें जमीन देऊन देऊळ उठविलें त्याचा धर्मसंकल्प अद्यापि जिवंत आहे, आणि तो त्या शिवलिंगाच्या रूपानें मूर्तिमंत झाला आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मला स्वतःला हा विचार कायद्याच्या ग्रंथांतला न वाटतां पुराणांतला वाटतो; पण तो दिला एका इंग्रजानें, आपल्या न्यायासनावरून! १९९१ सालीं वरिष्ठ न्यायालयानें देवळाचा हक्क कायम केला आणि त्याच वर्षीं नटराज भारतांत आला.

मात्र तो पत्तूरच्या देवळांत जाऊन बसला नाहीं. तिरुवारूर येथें, कुलूप, गज व पहारा यांच्या आड, अशाच हजारों धातुमूर्तींच्या संगतींत त्याला ठेवण्यांत आलें. हें पाहून भाविकांचा जीव कळवळतो, पण ठेवणाऱ्यांना निव्वळ दोष देतां येत नाहीं. त्याच राज्यांतील श्रीपुरंदन गांवच्या ओस देवळांतला नटराज २००६ सालीं चोरीस गेला आणि २००८ सालीं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनानें तो पन्नास लक्ष अमेरिकन डॉलरांस विकत घेतला. पांडिचेरीच्या फ्रेंच संशोधन-संस्थेनें १९९४ सालीं त्या देवळांत छायाचित्रें घेऊन ठेवलीं होतीं, म्हणून ओळख पटली व २०१४ सालीं मूर्ति परत मिळाली. त्यावेळीं वाळवीला साक्षीस बोलावण्याची गरज पडली नाहीं.

पत्तूरचें शिवलिंग खटला जिंकलें. नटराज तिरुवारूरला कुलुपांत राहिला.