जुन्या संगणकाची नवी तबकडी: साठवण आणि स्मृती

मागच्या वेळी आपण न्यायदर्शनातल्या स्मृतीविषयी बोललो होतो. व्याख्यान संपल्यावर एका तरुण श्रोत्यानं विचारलं, "सर, संगणकाच्या मेमरीबद्दल तुमचे नैयायिक काय म्हणतील?" सगळे हसले, आम्हीही हसलो. घरी गेल्यावर मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. कारण त्याच आठवड्यात आम्ही आमच्या जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क बदलली होती आणि तिच्याबरोबर काही गोष्टी कायमच्या गमावल्या होत्या. आजचं बोलणं त्यावरच आहे. विषय तांत्रिक आहे, पण आपण तो पायरीपायरीनं घेऊ.

आमचा संगणक २०११ सालचा. सुरू केला की चहा करून, पिऊन, कप धुऊन येईपर्यंत पडदा तयार होत नसे. शेजारच्या मुलानं सरळ निकाल दिला, "सर, ह्यो डबो आता भंगारात टाका." पण यंत्र एवढं मंद का होतं, हे आधी समजून घ्यायला हवं. बहुतेक वेळा दोष मेंदूचा, म्हणजे प्रोसेसरचा नसतो. तो साठवणीचा असतो.

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते. ग्रामोफोनच्या सुईसारखा एक बारीक दांडा तिच्यावरून सरकतो, फक्त त्याचं टोक तबकडीला टेकत नाही, अगदी सूक्ष्म अंतरावर तरंगतं. डेस्कटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. हवी ती नोंद टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. शिवाय दांडा सरकायला आणखी काही मिलिसेकंद. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण संगणक सुरू होताना हजारो बारीक फाइली इकडून तिकडून उचलतो, आणि दर वेळी ही वाट पाहावी लागते. ही रचना जुनीच आहे. १९५६ साली आयबीएमनं आणलेल्या पहिल्या डिस्क यंत्रात ५० तबकड्या होत्या, आणि त्या सगळ्यांत मिळून जेमतेम ५० लाख अक्षरं मावत.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथं चिपमध्ये विद्युतभाराच्या रूपात नोंद असते. त्यामुळे वाट पाहणं जवळजवळ संपतं. जुन्या मदरबोर्डवरचा साटा जोड नव्या एसएसडीचा पूर्ण वेग पेलू शकत नाही, हे खरं. तरीही फरक डोळ्यांना दिसतो, कारण मोठा लाभ वाट पाहणं वाचण्यात आहे.

आता प्रत्यक्ष काम. खरेदीआधी चार गोष्टी पाहा. एक, तुमच्या यंत्रात साटाची चपटी वायर आहे की त्याहून जुनी, रुंद पट्टीसारखी? पट्टी असेल तर सरळ एसएसडी बसणार नाही. दोन, पॉवर सप्लायमधून साटाची वीजजोडणी येते का? तीन, एसएसडी अडीच इंची असते आणि डेस्कटॉपचा खण साडेतीन इंची, तेव्हा मधली पट्टी घ्या. चार, किती जागा हवी? जुन्या पद्धतीच्या बायोसवर चालणारी यंत्रं २ टेराबाइटपेक्षा मोठ्या डिस्कवरून सुरू करताना अडतात, तेव्हा त्याच्या आत राहा. आणि ५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये ४६५ दिसली तर दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची. स्क्रूला हात लावण्याआधी आपल्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुनी डिस्क टकटक आवाज करत असेल तर हे त्याच क्षणी करा. तिच्यावर डीफ्रॅगमेंटसारखे उपचार करत बसू नका. जितकी चालवाल तितकी ती बिघडत जाते.

मग दोन वाटा आहेत. एकतर नव्या डिस्कवर सगळी प्रणाली नव्यानं टाकायची, किंवा जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे क्लोन करायचा. क्लोनझिला नावाची मोफत प्रणाली हे काम करते. तिथं 'कुठून' आणि 'कुठे' हे दोनदा वाचा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग ओरडून उपयोग नाही.

डिस्क बसवताना वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. साटाच्या जोडण्यांना आत 'एल'सारखा आकार असतो, त्या एकाच बाजूनं बसतात, जोर लावायची गरज नाही. आपल्याकडे खारी हवा, त्यामुळे जोडण्यांवर गंज चढलेला आहे का तेही पाहून घ्या. पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा. नवीवरून यंत्र उठलं की काम झालं. जुनी मात्र पुसू नका, काही महिने कोरड्या डब्यात राहू द्या.

एक इशारा. नवी डिस्क म्हणजे नवी प्रणाली नव्हे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुनं यंत्र विंडोज ११ घेत नसेल, तर लिनक्सचा विचार करावा.

आता आमचं काय झालं ते. आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही वर्षांपूर्वी कॅसेटवर घेतल्या होत्या. मग त्या संगणकावर उतरवल्या आणि "आता कशाला जागा अडवायची" म्हणून कॅसेटी टाकून दिल्या. डिस्क टकटक करू लागली तेव्हा आम्ही "बघू पावसाळ्यानंतर" म्हटलं. पावसाळा संपला तेव्हा त्यातल्या तीन फाइली वाचता येईनात. बाकीच्या वाचल्या. त्या तिन्हींत काय होतं, ते आता आठवणीतच शोधावं लागतं, आणि ती आठवणही विरत चाललीय. यात दोष कुणा यंत्राचा नाही. एकच प्रत ठेवली, हा आमचा आळस.

दुसरा धक्का वेगळा होता. आमची जुनी टिपणं सुखरूप उतरली, पण उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! कारण ती युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली होती. त्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रं बसवलेली असत, आणि प्रत्येक फाँटची मांडणी निराळी. फाइल आली, फाँट जुन्या डिस्कवरच राहिला. तो आणून बसवला तेव्हा शब्द परत दिसले. तुमच्याकडे अशा फाइली असतील तर फाँट बरोबर घ्या, आणि सवडीनं मजकूर युनिकोडमध्ये आणा.

इथं त्या तरुणाच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. नैयायिक संस्कार आणि स्मृती वेगळे मानतात. अनुभवाचा ठसा तो संस्कार. तो जागा करणारं काही मिळालं, ज्याला ते उद्बोधक म्हणतात, तरच स्मृती उपजते. डिस्कवरच्या नोंदी हा नुसता संस्कार. फाँट हा तिथला उद्बोधक. ठसा शाबूत असून उद्बोधक हरवला, तर स्मृती नाही. आणि ठसाच गेला, तर कुठलाही उद्बोधक कामाचा नाही. आमच्या घरात दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

आपल्याच गावाचं बघा. ऐहोळेच्या इ.स. ६३४च्या शिलालेखात चालुक्य मंगलेशानं रेवतीद्वीप जिंकल्याचा उल्लेख आहे, आणि ते रेवतीद्वीप म्हणजे आपली रेडी, असं अभ्यासक मानतात. दगडानं तो ठसा जवळजवळ १४०० वर्षं जपला. पण ती जुनी लिपी वाचणारे मिळाले, म्हणून तो आपल्यापर्यंत बोलला.

आपल्या डिस्का दगडाइतक्या टिकणार नाहीत. एसएसडीसुद्धा नाही. ती वर्षानुवर्षं विजेविना पेटीत ठेवण्याची वस्तूच नव्हे. म्हणून साधा नियम: प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावी. आमची तिसरी प्रत आता पुण्याला लेकीकडे असते. आणि वर्षातून एकदा ती उघडून पाहायची. नुसती आहे म्हणून समाधान मानायचं नाही.

आज घरी गेल्यावर एवढंच करा. ज्याची एकच प्रत आहे अशी एक गोष्ट शोधा, आणि झोपण्याआधी तिची दुसरी करा. पावसाळा संपायची वाट पाहू नका. इथं थांबतो. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.