एक ॲप, दोन फोन

पालकांकडे वेगवेगळे फोन असतात. कोणाकडे अँड्रॉइड, कोणाकडे आयफोन. सुट्टीच्या तारखा, निकाल आणि वसतिगृहाच्या सूचना देणारे ॲप आपल्या शाळेसाठी बनवायचे ठरले, तर पहिला प्रश्न हाच येईल: ते एकदा लिहायचे की दोनदा?

आधी अडचण समजून घेऊ. धमतरीची छोटी रेल्वे रायपूरकरांना ठाऊक आहे. तिच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, तर मुंबई-हावडा मार्गावर ते १६७६ मिलिमीटर. त्यामुळे छोट्या गाडीचा डबा मोठ्या रुळांवर चालू शकत नव्हता. माल पुढे न्यायचा तर उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. फोनची ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे असाच रूळ. यालाच प्लॅटफॉर्म म्हणतात. कॅमेरा उघडणे, ठिकाण शोधणे, सूचना दाखवणे यांसाठी अँड्रॉइडच्या आज्ञा वेगळ्या आणि आयफोनच्या वेगळ्या. म्हणून एकासाठी बनवलेले ॲप दुसऱ्यावर जसेच्या तसे चालत नाही.

पहिला मार्ग नेटिव्ह साधनांचा, म्हणजे प्रत्येक प्लॅटफॉर्मसाठी वेगळे ॲप लिहिण्याचा. अँड्रॉइडसाठी अँड्रॉइड स्टुडिओ आणि कॉटलिन भाषा, आयफोनसाठी एक्सकोड आणि ॲपलने २०१४ मध्ये आणलेली स्विफ्ट भाषा. यात ॲप थेट फोनशी बोलते. ते हलके आणि चपळ राहते, आणि फोनमध्ये आलेली नवी सोय लगेच वापरता येते. पण काम दुप्पट होते. एक चूक सापडली तर ती दोन ठिकाणी तपासावी लागते. शिवाय एक्सकोड फक्त मॅक संगणकावरच चालते.

दुसरा मार्ग क्रॉस-प्लॅटफॉर्म साधनांचा. येथे बहुतेक कोड एकदाच लिहितात. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह आणले. त्यात जावास्क्रिप्टने लिहायचे आणि पडद्यावर त्या त्या फोनची स्वतःची बटणे दिसतात. गूगलच्या फ्लटरची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २०१८ मध्ये आली. त्याची भाषा डार्ट. फ्लटर फोनची बटणे वापरत नाही, सगळा पडदा स्वतः रंगवते. त्यासाठी लागणारे इंजिन ॲपसोबत जाते, म्हणून ॲपचा आकार वाढतो. फोनमध्ये नवी सोय आली की तिच्यापर्यंत पोहोचणारा जोडकोड कोणीतरी लिहीपर्यंत थांबावे लागते किंवा तो स्वतः लिहावा लागतो. आणि आयफोनचे ॲप तयार करताना शेवटी मॅक लागतोच.

यात चांगले कोणते? मोठ्या कंपन्यांचेही एकमत नाही. एअरबीएनबीने २०१६ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह स्वीकारले आणि २०१८ मध्ये ते सोडून नेटिव्हकडे परतण्याचे जाहीर केले. बंगळूरच्या झिरोधाचा प्रवास उलटा झाला. त्यांचे काइट ॲप आधी नेटिव्ह होते, मग रिॲक्ट नेटिव्हमध्ये आणि नंतर फ्लटरमध्ये गेले.

आरोग्य सेतूचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या घरातले आहे. हे सरकारी ॲप २ एप्रिल २०२० रोजी आले आणि १३ दिवसांत ५ कोटी लोकांनी ते उतरवून घेतले. जवळ आलेल्या फोनची नोंद ब्लूटूथने ठेवणे हे त्याचे मुख्य काम होते. ॲप बंद दिसत असतानाही मागे ब्लूटूथ चालू ठेवण्याचे नियम अँड्रॉइड आणि आयफोन यांचे वेगवेगळे आहेत. २६ मे २०२० रोजी अँड्रॉइड ॲपचा कोड सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा त्याची रचना पाहता आली. ब्लूटूथचा भाग नेटिव्ह होता, पण मुख्य पडद्यावर वेबपान उघडत होते. म्हणजे एकाच ॲपमध्ये दोन्ही मार्ग होते. फोनच्या यंत्राशी जवळचा संबंध असलेले काम नेटिव्ह साधनांना आणि फक्त वाचायचा मजकूर सगळीकडे चालणाऱ्या साधनांना दिलेला होता.

साधन निवडताना यातून तीन प्रश्न मिळतात. ॲप कोणाच्या फोनवर उघडणार? फोनच्या कोणत्या भागांशी त्याचे काम आहे? आणि पुढे ते सांभाळणार कोण?

शाळेत तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. आज दहावीत असलेला कॅडेट ॲप बनवेल, दोन वर्षांनी बारावी होऊन निघून जाईल, पण पालक ते ॲप वापरतच राहतील. दोन वेगळे कोड मागे ठेवले तर पुढच्या तुकडीला दोन भाषा शिकाव्या लागतील आणि त्यातला एक कोड लवकरच बिनवारस होईल. म्हणून सूचना आणि निकाल यांसाठी एकच कोड असलेले साधन बरे. खरे तर साधी वेबसाइटही पुरेल, कारण ब्राउझर प्रत्येक फोनमध्ये असतो. मात्र सकाळच्या धावण्यात मनगटी घड्याळातून नाडीचे ठोके मोजणारे ॲप बनवायचे असेल, तर नेटिव्ह साधनांचा अभ्यास करावाच लागेल.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी विंडोज संगणकावर फ्लटर किंवा अँड्रॉइड स्टुडिओ घ्यावे. दोन्ही मोफत आहेत. पहिले ॲप छोटेच असू द्या, आणि आपल्यानंतर येणाऱ्या ज्युनिअरला कळेल असा त्याचा कोड नीट लिहून ठेवा.